स्वादुपिंडाची सिस्ट रिकामी करायची आहे : कोणतं ऑपरेशन, कधी आणि का

सीटी स्कॅनचा रिपोर्ट हातात पडतो. त्यावर 'पँक्रियाटिक स्यूडोसिस्ट, ९ बाय ७ सेंटिमीटर' असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि समोर बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, ऑपरेशन कधी करायचं?" मी पोटाचा सर्जन आहे, स्वादुपिंडाची कामं जास्त करतो, त्यामुळे हा प्रश्न मी सतत ऐकतो. माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं : आधी चार गोष्टी बघू. सिस्ट किती आठवड्यांची आहे, आत नुसतं पाणी आहे की गाळही आहे, ती कोणत्या अवयवाला चिकटली आहे, आणि स्वादुपिंडाची मुख्य नळी शाबूत आहे की तुटली आहे. ही चार उत्तरं हातात आली की मार्ग बराचसा आपोआप ठरतो. ती नसताना घाईने ठरवलेलं ऑपरेशन, कितीही चांगल्या हातांनी केलं तरी, पुन्हा करायची वेळ येऊ शकते.

ज्यांच्या कानावर हा शब्द नुकताच पडला आहे अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. निर्णय तुमचे डॉक्टर तुम्हाला तपासूनच घेतील. पण तो घेतला जात असताना तुम्हाला नुसती संमतीपत्रावर सही करण्यापुरतं बोलावलेलं नसावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आधी हे समजून घ्या : हे साठलेलं पाणी आहे

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला आडवं पसरलेलं असतं. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. रोज एक ते दीड लिटर पाचकरस ते तयार करतं आणि तो रस एका मुख्य नळीतून लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये, जातो. स्वादुपिंडाला सूज येते (पित्ताशयातले खडे आणि दारू ही त्याची दोन मोठी कारणं, पोटावर बसलेला जोराचा मार हे आणखी एक) तेव्हा ही नळी किंवा तिच्या फांद्या कुठेतरी फुटू शकतात. रस बाहेर झिरपतो आणि स्वादुपिंडाच्या आजूबाजूला साठतो. शरीर मग त्या साठ्याभोवती हळूहळू बांध घालतं. जठराची मागची बाजू, आतड्याचं आवरण, आजूबाजूची चरबी, जे जवळ असेल ते एकमेकांना चिकटून तंतुमय भिंत बनते. या भिंतीला खऱ्या सिस्टसारखं स्वतःचं अस्तर नसतं, म्हणून नाव 'स्यूडो', खोटी सिस्ट.

हे एवढं लांबवून सांगतो आहे, कारण पुढचं सगळं यावरून उलगडतं. बांध स्वतंत्र नाही, तो शेजारच्या अवयवांचाच बनलेला आहे. त्यामुळे ही सिस्ट सालासारखी सोलून काढता येत नाही. आणि गळती चालू असेल तर नुसतं पाणी उपसूनही भागत नाही, रस पुन्हा साठतो. म्हणून जवळजवळ प्रत्येक चांगल्या उपचारामागे एकच कल्पना असते : जो रस मुळात आतड्यात जायचा होता, त्याला आतड्यात किंवा जठरात जायला पक्की वाट करून द्यायची.

पहिली पायरी : ही खरोखर स्यूडोसिस्ट आहे ना?

या पायरीवर मी हट्टी आहे, आणि त्याला कारण आहे. मी शिकत होतो तेव्हा पन्नाशीच्या एका बाईंचं ऑपरेशन आमच्या युनिटमध्ये झालं. स्वादुपिंडाच्या शेपटीच्या, म्हणजे डावीकडच्या निमुळत्या टोकाच्या, बाजूला सिस्ट होती. ती स्यूडोसिस्ट समजून जठराला जोडली. भिंतीचा तुकडा तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट आठवड्याने आला : म्युसिनस ट्यूमर, म्हणजे चिकट द्रव तयार करणारी आणि पुढे कर्करोगाकडे झुकू शकणारी गाठ. ती जोडायची नसते, अख्खी काढायची असते. बाईंना दुसऱ्या ऑपरेशनला सामोरं जावं लागलं, आणि पहिल्या ऑपरेशनने सगळं एकमेकांना चिकटलेलं असल्यामुळे ते फार अवघड गेलं. नंतर जुने कागद चाळले. त्यांना स्वादुपिंडाची सूज आधी कधी आल्याची एकही नोंद नव्हती. तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

म्हणून तुमच्या बाबतीत हे नक्की बघा. पोटात जोराचं दुखून अ‍ॅडमिट व्हावं लागलं होतं का? तेव्हा रक्तातलं अमायलेज किंवा लायपेज (स्वादुपिंडाची पाचक द्रव्यं) वाढलं होतं का? पोटाला मोठा मार बसला होता का? यातलं काहीच झालेलं नसताना अचानक 'स्यूडोसिस्ट' सापडली असेल तर थांबा आणि पुन्हा विचारा. स्कॅनमध्ये सिस्टच्या आत पडदे दिसत असतील, भिंतीवर गाठीसारखा उंचवटा असेल, तरीही विचारा.

शंका राहिली तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करतात, त्याला ईयूएस म्हणतात. तोंडातून दुर्बीण जठरात नेऊन आतूनच सोनोग्राफी करायची आणि बारीक सुईने सिस्टमधला थोडा द्रव काढायचा. स्यूडोसिस्टच्या द्रवात अमायलेज भरपूर असतं. ते लिटरला २५० युनिटच्या खाली असेल तर ती स्यूडोसिस्ट असण्याची शक्यता जवळपास संपते. सीईए नावाचं दुसरं मोजमाप मिलिलिटरला १९२ नॅनोग्रॅमच्या वर गेलं तर म्युसिनस प्रकाराकडे बोट जातं. एकाच आकड्यावर कोणी शेवटचा शिक्का मारत नाही. रुग्णाची हकिगत, स्कॅन आणि द्रव तिन्ही एकत्र वाचावे लागतात.

दुसरी पायरी : आठवडे मोजा

२०१२ साली सुधारलेल्या अटलांटा वर्गीकरणाने (स्वादुपिंडाच्या सुजेच्या प्रकारांना नावं ठरवून देणारी पद्धत) या आजाराची भाषा बरीच स्वच्छ केली. सूज आल्यापासून चार आठवड्यांच्या आत जो द्रव दिसतो त्याला सिस्ट म्हणायचंच नाही, तो नुसता साठा. चार आठवड्यांनंतर, पक्की भिंत तयार झाली आणि आत जवळपास फक्त द्रव असेल तर ती स्यूडोसिस्ट. आत स्वादुपिंडाचा किंवा आजूबाजूच्या चरबीचा मेलेला भाग असेल तर त्याला 'वॉल्ड-ऑफ नेक्रोसिस' म्हणतात, आणि तो वेगळा आजार समजून हाताळावा लागतो. रिपोर्टवर दोन्हींना 'सिस्ट' म्हटलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. त्यामुळे हा फरक तोंडाने विचारून घ्या.

चार ते सहा आठवडे थांबायचं कशासाठी? सुरुवातीच्या दिवसांत ती भिंत ओल्या कागदासारखी असते. टाका घातला की दोरा भिंत कापून बाहेर येतो. पिकलेली भिंत मात्र टाका धरते. शिवाय थांबण्याचा आणखी एक फायदा असतो : सुरुवातीचे पुष्कळसे साठे आपसूक जिरतात आणि कशालाच हात लावावा लागत नाही.

पूर्वी एक सोपा नियम होता, सहा सेंटिमीटर आणि सहा आठवडे. यापेक्षा मोठी किंवा जुनी सिस्ट दिसली की ऑपरेशन. हा नियम अजूनही काही जणांच्या बोलण्यात येतो. आता आपण आकारापेक्षा त्रासाकडे बघतो. माणूस नीट जेवतो आहे, दुखत नाही, वजन टिकून आहे, सिस्ट वाढत नाही, तर दहा सेंटिमीटरच्या सिस्टवरही लक्ष ठेवून थांबता येतं. केवळ आकडा मोठा आहे म्हणून न दुखणाऱ्या सिस्टला हात लावायला मी तयार नसतो, हे मी रुग्णांना स्पष्ट सांगतो. काहींना ते पटत नाही. पोटात 'काहीतरी आहे' हे माहीत असताना शांत बसणं कठीण असतं, हे मला समजतं. पण उपचारालाही जोखीम असते, आणि ती घ्यायला कारण हवं.

कारणं म्हणजे काय, तर सतत दुखणं, दोन घास खाल्ले की पोट गच्च होणं किंवा उलट्या, म्हणजे सिस्ट जठराला दाबते आहे, डोळे पिवळे होणं, म्हणजे पित्तनळी दबली, थंडी वाजून ताप, म्हणजे आत पू झाला असावा, प्रत्येक स्कॅनला वाढत जाणारा आकार, आणि रक्तस्राव. शेवटच्या दोन-तीन कारणांत आठवडे मोजत बसायचं नसतं. तरीसुद्धा, संसर्ग झालेल्या नेक्रोसिसमध्येही प्रकृती स्थिर असेल तर अँटिबायोटिकवर ठेवून भिंत पिकेपर्यंत थांबलेलं चालतं, हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या डच 'पॉइंटर' चाचणीत दिसलं. पू काढायला लगेच नळी टाकलेल्या रुग्णांना त्यात जास्त फायदा झाला नाही, आणि थांबलेल्यांपैकी काहींना त्या नळीची गरजच पडली नाही.

थांबण्याचे आठवडे वाया घालवू नका. दारू आणि तंबाखू पूर्ण बंद, दोन्ही स्वादुपिंडाचे वैरी. तोंडाने जेवण जात नसेल तर नाकातून लहान आतड्यापर्यंत बारीक नळी घालून आहार देता येतो. तो नकोसा वाटतो, पण अंगात ताकद राहिली तर पुढचं ऑपरेशन सोपं जातं. रक्त पातळ करणारी कोणतीही गोळी चालू असेल तर ती आत्ताच डॉक्टरांच्या कानावर घाला.

तिसरी पायरी : स्कॅन नुसता रिपोर्टवर सोडू नका

सर्जनना विनंती करा की चित्रं तुम्हाला पडद्यावर दाखवा. दहा मिनिटं लागतात. आडव्या छेदात पुढे जठर दिसतं, त्याच्या मागे सिस्टचा राखाडी गोल. दोघांच्या मध्ये किती जागा आहे ते बघा. कधी जठराची मागची भिंत सिस्टवर चादरीसारखी ताणून बसलेली असते, मध्ये रेघसुद्धा दिसत नाही. अशी सिस्ट जठरात उघडण्यासाठी जणू तयारच असते. कधी मध्ये चरबीचा काळा पट्टा दिसतो. तो एक सेंटिमीटरपेक्षा रुंद असेल तर जठरातून भोक पाडणं धोक्याचं होतं, कारण मधल्या मोकळ्या जागेत रस गळू शकतो. सिस्ट खाली, मोठ्या आतड्याच्या आवरणातून फुगलेली असेल तर जठर तिच्यापासून लांबच राहतं.

आत गाळ आहे का, हे सीटीवर फसतं. सीटीत सगळं पाण्यासारखं एकसारखं राखाडी दिसतं. एमआरआय किंवा ईयूएसवर तोच भाग ढेकळांनी भरलेला निघतो. गाळ असेल तर सिस्ट रिकामी करायला घातलेली बारीक नळी तुंबते, हे पुढच्या निवडीत फार महत्त्वाचं आहे.

मुख्य नळीसाठी एमआरसीपी, म्हणजे स्वादुपिंडाच्या आणि पित्ताच्या नळ्या दाखवणारा एमआरआय. नळी शाबूत आहे का, कुठे अरुंद झाली आहे का, की मधूनच तुटून शेपटीकडचा भाग वेगळा पडला आहे? तुटली असेल तर शेपटीकडचं स्वादुपिंड रस तयार करतच राहतं आणि त्याला जायला जागा नसते. अशी सिस्ट रिकामी केली तरी परत भरते. वारंवार सिस्ट होणाऱ्या रुग्णांमध्ये हे कारण आवर्जून शोधा.

आणि रक्तवाहिन्या. पाचकरस शेजारच्या धमनीची भिंत कुरतडतो आणि तिथे फुगा तयार होतो, त्याला स्यूडोअ‍ॅन्युरिझम म्हणतात. प्लीहेची धमनी आणि गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी या नेहमीच्या जागा. कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, रक्तवाहिन्या उजळ दाखवणारं औषध) देऊन काढलेल्या स्कॅनमध्ये राखाडी सिस्टच्या काठाशी एक पांढराशुभ्र ठिपका चमकतो. तो ठिपका दिसला की बाकी सगळं थांबवायचं. आधी रेडिओलॉजिस्ट मांडीतून किंवा मनगटातून बारीक कॅथेटर नेऊन ती धमनी बंद करतात, मगच सिस्टला हात लावायचा. आतला दाब अचानक कमी झाला की तो फुगा फुटू शकतो आणि तो रक्तस्राव जीव घेऊ शकतो. म्हणून कॉन्ट्रास्टचा ताजा स्कॅन नसताना सिस्टमध्ये सुई घालू देऊ नका. प्लीहेच्या शिरेत गुठळी आहे का हेही विचारा. ती असेल तर जठराच्या भिंतीत फुगलेल्या शिरा असतात आणि जठरातून भोक पाडताना त्या आड येतात.

चौथी पायरी : वाटा तोलणं

इथे एका शब्दाने गोंधळ होतो, तो आधी सोडवतो. आपल्याकडे 'दुर्बिणीतून करणार' असं सांगतात, आणि त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ असतात. एक, तोंडातून आत जाणारी एंडोस्कोपी, पोटावर एकही टाका नाही. दुसरी, पोटावर तीन-चार भोकं पाडून केलेलं लॅपरोस्कोपिक ऑपरेशन. घरचे लोक एक समजून येतात आणि ऑपरेशन थिएटरबाहेर दुसरंच ऐकतात. विचारा : दुर्बीण तोंडातून जाणार की पोटातून?

बाहेरून नळी. सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने पोटाच्या कातडीतून सिस्टमध्ये नळी घालायची आणि ती बाहेर पिशवीला जोडायची. पू झालेला आहे, रुग्ण फार अशक्त आहे, भिंत अजून कच्ची आहे, अशा वेळी हीच जीव वाचवणारी वाट असते. पण स्वादुपिंडाची मुख्य नळी तुटलेल्या किंवा अरुंद झालेल्या रुग्णात ही पिशवी सुटता सुटत नाही. रोज सकाळी नर्स पिशवी रिकामी करून वहीत लिहिते : २००, २२०, १९०. आठवडे जातात, आकडा खाली येत नाही, भोवतालची कातडी रसाने सोलते. शरीराचा रस बाहेर जाण्याचा कायमचा मार्ग तयार झालेला असतो. म्हणून मुख्य नळी शाबूत नसताना, पू नसताना, केवळ 'सोपं आहे' म्हणून बाहेरून नळी टाकायला माझा विरोध आहे.

तोंडातून एंडोस्कोपी. ईयूएसच्या नजरेखाली जठराच्या किंवा ड्युओडेनमच्या भिंतीतून सिस्टमध्ये वाट करायची आणि ती उघडी राहावी म्हणून स्टेंट, म्हणजे छोटी पोकळ नळी, ठेवायची. प्लॅस्टिकचे दोन्ही टोकांना वळलेले स्टेंट किंवा डमरूसारखा रुंद तोंडाचा धातूचा स्टेंट. जठराला चिकटलेली, पक्क्या भिंतीची, पाण्याने भरलेली सिस्ट असेल आणि अनुभवी एंडोस्कोपिस्ट हाताशी असेल तर आज ही माझीही पहिली पसंती आहे. सर्जन असून हे लिहितो आहे, कारण पुरावा तसा आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४० रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसं दोन गटांत वाटलं, निम्म्यांना एंडोस्कोपी आणि निम्म्यांना जठराला जोडण्याचं ऑपरेशन. बरं होण्यात फरक नव्हता. रुग्णालयातला मुक्काम मात्र एंडोस्कोपीच्या गटात साधारण २ दिवस, ऑपरेशनच्या गटात ६ दिवस.

एंडोस्कोपीची एक दुसरी तऱ्हा आहे : सिस्टला भोक न पाडता ड्युओडेनममधूनच मुख्य नळीत स्टेंट घालणं. लहान सिस्ट, नळीशी जोडलेली, नळी अर्धवट फाटलेली, अशा मोजक्या रुग्णांसाठी ती उपयोगी.

मग ऑपरेशन कोणासाठी? यादी लहान नाही. सिस्ट जठर-ड्युओडेनमपासून लांब आहे. एंडोस्कोपी करून झाली आणि सिस्ट परत आली. वजन कमी करण्याच्या किंवा इतर ऑपरेशनमुळे जठराची रचनाच बदललेली आहे. ट्यूमरची शंका जात नाही. जुनाट आजाराने मुख्य नळी फुगून खड्यांनी भरली आहे. किंवा पित्ताशय काढायचंच आहे आणि दोन्ही कामं एका भूलीत होऊ शकतात. पित्ताशयातल्या खड्यांमुळे सूज आली असेल तर पित्ताशय आत ठेवून सिस्टवर केलेला उपचार अर्धवट राहतो. खडा पुन्हा अडकला की पुन्हा सूज.

ऑपरेशनचे प्रकार मुख्यतः तीन, आणि ते सिस्टच्या जागेवरून ठरतात.

जठराला जोडणं, सिस्टोगॅस्ट्रोस्टॉमी. सिस्ट जठराच्या मागे चिकटलेली असताना. १९३१ साली युराश या पोलिश सर्जनने जठर उघडून आतून ही जोडणी करण्याची पद्धत मांडली, आणि आजचं ऑपरेशन मुळात तेच आहे. आम्ही जठराची पुढची भिंत उघडतो आणि मागच्या भिंतीवर हात ठेवतो. बोटांखाली ती फुगून टणक लागते. मग तिथूनच सुई आत घालतो. सिरिंजमध्ये तपकिरी, गढूळ पाणी चढलं की जागा बरोबर आहे हे कळतं. रक्त आलं तर हात तिथेच थांबतो. पाणी आलेल्या जागी निदान ३ ते ५ सेंटिमीटरची खिडकी करतो. कापलेल्या भिंतीचा तुकडा पॅथॉलॉजीला जातो, न चुकता. मग खिडकीच्या काठाभोवती अखंड टाके घालतो. पोकळी बोटाने चाचपून सैल ढेकळं काढतो. मग जठराची पुढची भिंत बंद. या ऑपरेशननंतरचा रक्तस्राव बहुतेक त्या काठातूनच होतो, म्हणून टाक्यांच्या बाबतीत घाई करायची नाही. लॅपरोस्कोपीत हेच काम स्टेपलरने करतात. घरचे नेहमी विचारतात, "मग जेवण सिस्टमध्ये जाणार नाही का?" थोडं जातं, पण पोकळीवर आता बाहेरचा दाब असतो; काही आठवड्यांत ती चपटी होऊन मिटते आणि खिडकीही आपोआप बंद होते.

लहान आतड्याला जोडणं, सिस्टोजेजुनोस्टॉमी. सिस्ट जठराच्या खाली उतरलेली किंवा फार मोठी असताना. लहान आतडं कापून त्याची साधारण ४० ते ६० सेंटिमीटरची फांदी वर आणतात आणि ती सिस्टच्या सर्वांत खालच्या टोकाला जोडतात, म्हणजे पाणी उतारानेच वाहून जातं. कापलेलं दुसरं टोक खाली परत आतड्याला जोडतात. 'रू-एन-वाय' हे नाव ऐकाल ते याचंच. दोन जोडण्या असल्यामुळे वेळ जास्त लागतो, पण जेवण सिस्टच्या वाटेने जात नाही आणि सिस्ट कुठेही असली तरी ही फांदी तिथवर पोचते. खुल्या ऑपरेशनमध्ये हा सगळ्यांत भरवशाचा मार्ग, असं माझं मत.

ड्युओडेनमला जोडणं क्वचित करतात. स्वादुपिंडाच्या डोक्यातली (उजवीकडच्या जाड टोकातली), ड्युओडेनमला अगदी चिकटलेली सिस्ट असेल तरच. पित्तनळी आणि गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी तिथूनच जातात.

याशिवाय शेपटीचा भाग सिस्टसकट काढून टाकण्याचं ऑपरेशन आहे. ट्यूमरची शंका, किंवा नळी तुटून शेपटीचा तुकडा कायमचा वेगळा पडलेला, अशा वेळी. यात प्लीहाही बऱ्याचदा काढावी लागते. तसं ठरलं असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब यांच्या लसी ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी घेऊन ठेवा, आणि मधुमेह जडण्याची शक्यता आधीच बोलून घ्या. जुनाट आजारात मुख्य नळी ७ मिलिमीटर किंवा जास्त फुगलेली असेल तर नळीच लांबीत उघडून आतड्याला जोडतात. मूळ दाब उतरला की सिस्टही बऱ्याचदा सोबतच बरी होते.

आणि आत गाळ असलेला नेक्रोसिस? तिथे एकदम मोठं ऑपरेशन करण्याचे दिवस गेले. आधी बाहेरून नळी किंवा आतून स्टेंट, गरज पडली तर त्याच वाटेने थोडा थोडा मेलेला भाग काढणं. २०१० सालच्या 'पँटर' चाचणीत या पायरीपायरीच्या पद्धतीत मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू ४० टक्के रुग्णांत झाले, थेट खुल्या ऑपरेशनच्या गटात ६९ टक्क्यांत. या आजारात कोणी पहिल्याच दिवशी पोट उघडायचं म्हणालं तर दुसरं मत घ्यायला अजिबात संकोच करू नका.

पाचवी पायरी : सही करण्याआधी विचारायचं ते

कागद-पेन घेऊन जा. मी स्वतः रुग्ण असतो तर हे विचारलं असतं : ही स्यूडोसिस्टच आहे हे कशावरून? आत गाळ आहे का, आणि ते कोणत्या तपासणीत पाहिलं? मुख्य नळीचं काय? ताज्या स्कॅनमध्ये धमनीचा फुगा नाही ना? आणखी चार आठवडे थांबलो तर काय बिघडेल? एंडोस्कोपीने होण्यासारखं आहे का, आणि नसेल तर का नाही? तुमच्याकडे रात्री रक्तस्राव झाला तर धमनी बंद करणारा रेडिओलॉजिस्ट उपलब्ध असतो का? हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक कचरतात. पण या आजारात एंडोस्कोपिस्ट, सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट तिघं एका छताखाली असणं हे कोणत्याही एका नावाजलेल्या डॉक्टरपेक्षा जास्त मोलाचं आहे. नसतील तर आणि प्रकृती परवानगी देत असेल तर जिथे आहेत तिथे जा.

ऑपरेशननंतर

पहिल्या दिवसांत तीन गोष्टींकडे आमचं लक्ष असतं : रक्तस्राव, जोडणीतून गळती आणि पू. घरी गेल्यावर रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, थंडी वाजून ताप, वाढत जाणारं पोटदुखणं, पिशवी असेल तर तिच्यात अचानक लाल रक्त, किंवा चक्कर येऊन घाम फुटणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सीत या. तुमचा आजार माहीत नसलेल्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की स्वादुपिंडाच्या सिस्टचं ऑपरेशन झालेलं आहे.

शी तेलकट, फिक्या रंगाची आणि पाण्यावर तरंगणारी होत असेल, वजन उतरत असेल, तर स्वादुपिंडाचा रस कमी पडतो आहे. त्यासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल असतात, आणि त्या जेवणासोबत घ्यायच्या असतात. रिकाम्या पोटी घेऊन काही उपयोग नाही. साखर काही महिन्यांच्या अंतराने तपासत राहा, ऑपरेशनआधी मधुमेह नव्हता तरीही.

स्टेंट घातलेला असेल तर एक काम घरच्या कोणीतरी एकाने अंगावर घ्यावं. धातूचा रुंद स्टेंट साधारण तीन-चार आठवड्यांत स्कॅन करून काढावा लागतो. जास्त दिवस राहिला तर सिस्ट मिटून तो मागच्या रक्तवाहिनीवर घासतो आणि रक्तस्राव होतो. प्लॅस्टिकचा स्टेंट मुख्य नळी तुटलेल्या रुग्णात मुद्दाम जास्त काळ ठेवतात. तुमचा कोणता आहे हे डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. मी अशा रुग्णांना भेटलो आहे जे बरं वाटलं म्हणून परत आलेच नाहीत आणि सातव्या-आठव्या आठवड्यात रक्त ओकत आले. बरं वाटणं आणि स्टेंट निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी जायच्या आधी काढण्याची तारीख ठरवून घ्या आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.